कागदावर सही केली म्हणून आईचा हक्क जात नाही, पण दत्तकाचं प्रकरण आजच थांबवा

पत्र (ओळख पटेल असे तपशील काढून, थोडं कमी करून):

"ताई, मला सहा वर्षांचा मुलगा आहे. मी आणि नवरा दीड वर्षापासून वेगळे राहतोय, घटस्फोट अजून झालेला नाही. घर सोडलं तेव्हा माझ्या हातात नोकरी नव्हती, डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून बस्तान बसलं की घेऊन जाईन असं म्हणून मुलाला तिथेच ठेवलं. तेव्हा सासऱ्यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की मुलाचा ताबा वडिलांकडे राहील आणि यापुढे माझा त्याच्यावर कसलाही हक्क राहणार नाही. नोटरी पण केली. आता मी दुसऱ्या शहरात नोकरी करते, रोज रात्री व्हिडिओ कॉल लावते, पण बऱ्याचदा कुणी उचलतच नाही. मागच्या महिन्यात मुलगा बोलता बोलता म्हणाला की आता काकूला आई म्हणायचं. दिराला मूलबाळ नाही. नंतर कळलं की याला दिराकडे दत्तक द्यायचं घाटतंय. नवरा म्हणतो तुझी सही आहे, आता तुझा काय संबंध, कोर्टात गेलीस तर वेडी ठरवतील. ताई, माझे हक्क खरंच गेले का? सुट्टी लागली की सरळ शाळेतून घेऊन येऊ का?"

ताई,

तुमचे हक्क गेलेले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्र वाचताना जाणवत होतं की तुम्ही मनातल्या मनात हरूनच बसलाय. तो स्टॅम्प पेपर, ती नोटरी, त्या गोळ्या, दुसऱ्या शहरातली नोकरी, यातल्या एकाही गोष्टीनं आई कायद्यानं आई राहत नाही असं होत नाही. पण दत्तकाची जी गोष्ट तुम्ही पत्रात शेवटी ओझरती लिहिलीये ना, ती मात्र खरी धोक्याची आहे आणि त्यासाठी हे उत्तर वाचून झाल्यावर लगेच हालचाल करायची आहे, पुढच्या महिन्यात नाही.

आपल्याकडे सगळेच "हक्क गेला" हा एकच शब्द वापरतात आणि त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी कालवतात. मूल कुणाजवळ राहतं तो ताबा. मुलाच्या वतीनं निर्णय घ्यायचा, सही करायची तो अधिकार म्हणजे पालकत्व. आणि तिसरं म्हणजे आई-मूल हे नातंच कायद्याच्या नजरेत उरत नाही. ताबा जाऊ शकतो आणि परतही येऊ शकतो, त्यात कायमचं असं काही नसतं, परिस्थिती बदलली तर ताब्याचा हुकूम पण बदलून मिळतो आणि सुप्रीम कोर्टानं १९७३ सालीच हे स्पष्ट केलंय. नातं तुटणं मात्र फार थोड्या मार्गांनी होतं. तुमच्या बाबतीत आत्ता काय झालंय, तर ताबा नवऱ्याकडे आहे, तोही कोर्टाच्या हुकमानं नाही, नुसता प्रत्यक्षात. बास. एवढंच झालंय.

आता त्या कागदाचं बघू. तुमची झोप त्यानंच उडवलीये असं दिसतंय. "यापुढे माझा मुलावर कसलाही हक्क राहणार नाही" हे वाक्य कुणीतरी जमिनीच्या हक्कसोड पत्रावरून उचलल्यासारखं आहे. सात-बाऱ्यावरून नाव कमी करता येतं, पण मूल म्हणजे मालमत्ता नाही, त्याच्यावरचा हक्क असा सोडून देता येत नाही आणि कुणाच्या नावावरही करून देता येत नाही. नोटरीनं फक्त एवढंच सांगितलं की ही सही या बाईनीच केली. मजकूर कायदेशीर आहे की नाही हे नोटरी ठरवत नाही.

हे काही नवीन नाही, शंभर वर्षांपूर्वीच यावर निकाल लागलाय. १९१० साली नारायणय्या नावाच्या गृहस्थांनी आपल्या दोन मुलांचं पालकत्व अ‍ॅनी बेझंट यांना लेखी पत्रानं देऊन टाकलं होतं. त्यातला एक मुलगा म्हणजे पुढे जगभर गाजलेले जे. कृष्णमूर्ती. दोन वर्षांनी वडिलांना ते नको झालं, त्यांनी मद्रासला दावा लावला, आणि प्रकरण पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या काळच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टापर्यंत गेलं. १९१४ च्या निकालात म्हटलं की पालकत्व ही एक विश्वासाची जबाबदारी आहे, बाप ती कायमची दुसऱ्याच्या गळ्यात घालू शकत नाही, आणि दिलेली परवानगी मागे घेता येते. तुमच्या स्टॅम्प पेपरचं उत्तर हेच आहे. पण ताई, या गोष्टीचा दुसरा भाग पण ऐका, नवऱ्याचा वकील तो सांगेल. वडिलांना ती मुलं परत मिळाली नाहीत! मुलं तोवर इंग्लंडमध्ये राहत होती, दावा चुकीच्या कोर्टात लागला होता, आणि मुलांचं स्वतःचं म्हणणं कुणी विचारलंच नव्हतं. शिवाय मधे वर्षं गेली, मुलं मोठी झाली. म्हणजे कागदामुळे बापाचा हक्क गेला नाही, तरी वेळ आणि अंतर यांनी जे व्हायचं ते झालंच.

म्हणून मला त्या कागदाची भीती वाटत नाही, भीती वाटते ती तुमच्या गप्प बसण्याची. दीड वर्ष हा अजून असा काळ आहे की "मी सावरत होते, नोकरी शोधत होते" हे कोर्टाला सहज समजतं. हाच काळ चार-पाच वर्षं झाला की समोरचा म्हणणार मूल इथे रुळलंय, शाळा इथे, मित्र इथे, आता त्याला उपटून कशाला न्यायचं, आणि त्यात तथ्य असतं, कारण कोर्ट तुमच्याकडे बघत नाही, नवऱ्याकडेही बघत नाही, मुलाच्या भल्याकडे बघतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याचं कलम १३ हेच सांगतं की मुलाचं हित सगळ्यात वर.

नातेवाईकांकडे मूल ठेवलं म्हणजे आई-बापानं सोडून दिलं असा अर्थ होत नाही, यावर तर सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल आहे, तोही मुंबई हायकोर्टातून वर गेलेल्या प्रकरणातला. त्यात आईला कॅन्सर झाला, त्याच काळात वडीलही गंभीर आजारी पडले, म्हणून तान्ही मुलगी मावशांकडे वाढत होती. आई गेली, वडील बरे झाले आणि त्यांनी मुलगी मागितली, तर मावशा द्यायला तयार नव्हत्या. मावशांनी जीव लावून सांभाळलं होतं यात शंका नाही, तरीही कोर्टानं मुलगी वडिलांकडे दिली. तुमच्या वकिलाला हा निकाल बरोबर सापडेल. तुमच्या केसमध्ये समोर मावशी नाही तर बाप आहे, हा फरक मोठा आहे हे मी लपवत नाही, पण आजारपणात मूल दुसऱ्याकडे ठेवणं म्हणजे टाकून देणं नव्हे एवढं तरी यातून पक्कं होतं.

आता दत्तक. इथे जरा सावकाश वाचा.

तुमच्यासारख्या केसमध्ये आईचं नातं कायद्यानं पुसलं जायचा खराखुरा रस्ता हाच आहे. १९५६ चा हिंदू दत्तक आणि पोटगी कायदा (बौद्ध, जैन, शीख यांनाही तोच लागू) असा आहे की दत्तक दिल्याच्या तारखेपासून मूल जन्मदात्या घराचं राहत नाही, सगळ्या कारणांसाठी दत्तक घेणाऱ्यांचं होतं, आणि एकदा कायदेशीर झालेलं दत्तक कुणालाच रद्द करता येत नाही. ना देणाऱ्याला, ना घेणाऱ्याला, ना मुलाला. ताब्याच्या केसमध्ये जशी नंतर पुन्हा दाद मागता येते तसं इथे नाही. आणि भाऊबंदांमधलं दत्तक या कायद्याखाली करायला कोर्टात जावंही लागत नाही, घरात चार माणसांसमोर मूल मांडीवर दिलं, रजिस्टर ऑफिसला दत्तकपत्र नोंदवलं, झालं. त्यामुळे तुम्हाला कोर्टाची नोटीस येईल आणि मग बघू असं समजून थांबलात तर नोटीस येणारच नाही कदाचित.

पण कायद्यानं तुमच्या हातात एक मोठी गोष्ट दिलीये. कलम ९ प्रमाणे आई आणि वडील दोघं हयात असतील तर एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय मूल दत्तक देता येत नाही. संमती लागत नाही ती फक्त तीनच वेळा: दुसऱ्यानं पूर्णपणे संन्यास घेतला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा कोर्टानं त्याला मनोविकल (म्हणजे लोक ज्याला वेडा म्हणतात तसा) म्हणून जाहीर केलं असेल. घर सोडलं, वेगळी राहते, पगार कमी आहे, सासरच्यांशी पटत नाही, यातलं काहीच त्या यादीत नाही. म्हणजे तुमच्या संमतीशिवाय तुमचा नवरा मूल दिराला देऊच शकत नाही, दिलं तर ते दत्तक टिकणार नाही.

मग काळजी कसली? तर ती अशी की दत्तकपत्र रजिस्टर झालं आणि त्यावर देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्या असल्या की कोर्ट आधी ते बरोबर झालंय असं धरून चालतं, आणि चुकीचं होतं हे दाखवायचं काम तुमच्यावर येतं. त्यात त्यांच्या हातात तुमचा तो जुना कागद. ते म्हणतील की हीच संमती. माझ्या मते ती संमती नाही, त्यात दत्तकाचा शब्दही नाही, पण वाद घालत बसायची वेळच का येऊ द्यायची. म्हणून याच आठवड्यात वकिलाकडून नवरा, दीर आणि जाऊ तिघांच्या नावानं नोटीस जाऊ दे: मुलाला दत्तक द्यायला माझी संमती नाही, कधीच नव्हती, आणि अमुक तारखेचा कागद मी मागे घेतला आहे. रजिस्टर्ड पोस्टानं, पोच सांभाळून ठेवायची. त्याचा फोटो तिघांना व्हॉट्सअ‍ॅपवर पण टाका. वकील म्हणाले तर कोर्टातून मनाई हुकूम पण मागता येतो. आणि यापुढे "शाळेच्या अ‍ॅडमिशनसाठी एक सही पाहिजे", "पासपोर्टला लागते" असं म्हणून काही पाठवलं तर पान न पान वाचल्याशिवाय, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही, आणि कोऱ्या कागदावर तर देवानं सांगितलं तरी नाही. अशी सही बहुतेक वेळा भांडणात मागत नाहीत, गोड बोलून मागतात, मुलाचा फोन लावून देतात आणि मधेच म्हणतात जरा ते कुरिअर आलंय त्यावर सही करून टाक ना.

वेडी ठरवतील, या धमकीवर मला खरंच राग आला. डिप्रेशनवर उपचार घेणं ही कोर्टात लपवायची गोष्ट नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सरळ लिहिलंय की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो मनोविकल आहे असं धरता येत नाही, ते फक्त कोर्ट जाहीर करू शकतं. तुम्ही आजारी पडलात, डॉक्टरकडे गेलात, औषध घेतलं, सावरलात, नोकरीला लागलात. जबाबदार माणूस याहून वेगळं काय करतो? मुलाच्या भल्याचा विचार करणारी बाई म्हणूनच ती फाइल वाचली जाईल, फक्त ती तुम्ही स्वतः पुढे ठेवा, समोरच्यानं "लपवून ठेवलं" म्हणून काढायच्या आधी. डॉक्टरांकडून आत्ताच्या तब्येतीचं पत्र घ्या. गोळ्या अजून चालू असतील तरी घ्या. आणि केस आहे म्हणून घाबरून गोळ्या बंद करू नका, प्लीज.

आता कोर्ट नेमकं कशावरून आई किंवा बाप नालायक ठरवतं, हाही प्रश्न तुमच्या मनात असेलच. खरं सांगायचं तर यादी अशी नाहीये की यात बसलात की गेलात. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आहे, अजूनही तोच चालतो, त्यात बघायच्या गोष्टी दिल्यात: मुलाचं वय, माणसाचं चारित्र्य आणि कुवत, नातं किती जवळचं, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छा. प्रत्यक्षात ज्यावरून आईबापांच्या हातून मूल जातं ते म्हणजे मारहाण, लैंगिक अत्याचार, दारू-ड्रग्सच्या पायी मुलाची आबाळ, मुलाला वाऱ्यावर सोडून देणं, कोर्टाचे हुकूम वारंवार धाब्यावर बसवणं. गुन्हेगारी केसही मोजली जाते. २००८ साली सुप्रीम कोर्टानं एका मुलाचा ताबा बापाला नाकारून आईच्या आईवडिलांना दिला, कारण त्या मुलाच्या आईचा सासरी असताना मृत्यू झाला होता, आणि बापावर तिच्या छळाची केस चालू होती. गरिबी मात्र कारण नाही. त्यांचं घर मोठं आणि तुम्ही भाड्याच्या एका खोलीत, याचा मुद्दा ते करतीलच, पण पैसा जास्त म्हणून मूल त्याला असं कोर्ट करत नाही, उलट मूल तुमच्याकडे आलं तरी खर्चाची जबाबदारी बापाची राहते.

कायद्यात एक गोष्ट तुमच्या विरुद्ध जाणारी आहे ती पण सांगते, नंतर वकिलाकडून कळून धक्का बसायला नको. हिंदू कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्यानंतर आई असं लिहिलंय. १९९९ च्या गीता हरिहरन खटल्यात सुप्रीम कोर्टानं त्याचा अर्थ मोठा केला, की "नंतर" म्हणजे बाप मेल्यावरच नाही, तर बाप प्रत्यक्षात नसेल, लक्ष देत नसेल तरी आई पालक. पण बाप हजर आहे आणि लक्ष घालतोय तिथे तो शब्द अजून तसाच आहे आणि मला तो आजही टोचतो. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं असाही नियम आहे, तुमचा मुलगा सहाचा, म्हणजे तो फायदा हुकला. म्हणून घाबरू नका, ताबा ठरवताना या सगळ्याच्या वर मुलाचं हित असतं आणि पाच वर्षांवरची कितीतरी मुलं कोर्टानं आयांकडे दिलीत. फक्त ते आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो आणि तो टिकवावा लागतो.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक परिच्छेद, कारण असेही लोक वाचत असतील ज्यांची गोष्ट वेगळी आहे. कुणाला मूल सांभाळणं खरंच अशक्य झालं असेल तर त्यालाही रस्ता आहे, बाल न्याय कायदा २०१५ खाली बाल कल्याण समितीसमोर जाऊन मूल रीतसर सोपवता येतं. समिती आधी चौकशी करते, समजावते, आणि सह्या झाल्यावरही दोन महिने देते, तेवढ्यात मन बदललं तर मूल परत घेता येतं. दोन महिने उलटले की मूल दत्तकासाठी मोकळं होतं आणि तिथून पुढे परतीचा रस्ता बंद होत जातो. सापडलेल्या, टाकून दिलेल्या मुलांच्या आईबापांचाही शोध घेतात, दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने, मोठ्यासाठी चार महिने. आणि नाइलाजानं मूल सोडलेल्या आईबापांवर कायदा गुन्हा लावत नाही, तेव्हा कचराकुंडीजवळ, देवळाच्या पायरीवर मूल ठेवायची वेळ कुणावरच यायचं कारण नाही. मूल परस्पर ओळखीत कुणाला देणं मात्र गुन्हा होऊ शकतो आणि पैसे घेऊन दिलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एखाद्या घरात मुलावर अत्याचार होतोय असं माहीत असेल तर १०९८ ला फोन करा, समिती मुलाला तिथून काढू शकते, आणि अशा आईबापांचे हक्क गेले तर त्याबद्दल मला काडीचं वाईट वाटत नाही. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी वाचकांना वर सांगितलेला दत्तक कायदा लागू नाही, पण १८९० चा कायदा सगळ्यांना आहे.

परत तुमच्याकडे येते. अर्ज कुठे करायचा, तर मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कौटुंबिक न्यायालयात, तुमच्या नोकरीच्या शहरात नाही. तिथे फॅमिली कोर्ट नसेल तर जिल्हा न्यायालयात. ताब्याचा मुख्य अर्ज चालायला वेळ लागतो, म्हणून त्याच्याच सोबत अंतरिम अर्ज, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या हुकमासाठीचा: मुलाला भेटायचे दिवस, सुट्ट्यांमधला वाटा, आणि व्हिडिओ कॉलची ठरलेली वेळ. शेवटचं किरकोळ वाटेल पण नाहीये. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये म्हटलंय की आईबाप वेगळ्या गावी असतील तर मुलाला दोघांशी फोनवर, व्हिडिओवर नियमित बोलता आलं पाहिजे, तो मुलाचाच हक्क आहे. एकदा कोर्टानं "संध्याकाळी सात ते साडेसात" असं लिहून दिलं की मग फोन न उचलणं हे घरातलं रुसणं राहत नाही, तो हुकमाचा भंग होतो, आणि वर सांगितलं तसं तेही कोर्ट मोजतं.

वकिलाची फी कुठून आणू असं मनात असेल तर तिथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते कोर्टाच्या आवारातच असतं. बाईला फुकट वकील मिळतो, तिचा पगार किती हे न बघता, १९८७ चा कायदा आहे. १५१०० वर फोन केला तरी सांगतील. फुकटचा वकील म्हणजे वाईट असं डोक्यात ठेवू नका, पण त्याच्या मागे लागावं लागतं, तारखेला स्वतः हजर राहा.

तोवर तुम्ही रोज काय करताय याची नोंद व्हायला हवी. न उचललेल्या कॉलचे स्क्रीनशॉट ठेवा, तारीख-वेळ दिसेल असे. मुलासाठी दर महिन्याला जमेल तेवढी रक्कम बँकेतून पाठवा, हातात रोख देऊ नका, घेत नसतील तर "पैसे पाठवायचे होते, खाते नंबर द्या" हा मेसेज तरी असू दे. शाळेला पत्र द्या की मी आई, माझा नंबर नोंदवा, प्रगतिपुस्तक आणि मीटिंगची सूचना मलाही पाठवा. पालक सभेला सुट्टी काढून जा, हजेरीच्या वहीत सही होते तुमची, आणि त्या दिवशी मुलाला दिसताही तुम्ही, हे जास्त महत्त्वाचं. वाढदिवसाला पार्सल पोस्टानं पाठवा, पावती ठेवा. नवऱ्याला मेसेज करताना असं समजून करा की हा मेसेज उद्या जज वाचणार आहेत. रात्री अकराला रागात लिहिलेलं एक वाक्य दीड वर्षाच्या शंभर कॉलवर पाणी फिरवतं, आणि त्यांचे लोक तुम्हाला चिडवून तेच वाक्य काढून घ्यायला बघतील.

मुलाशी बोलताना काकूबद्दल वाईट बोलू नका. त्यानं "काकूला आई म्हणायचं" असं सांगितलं तेव्हा तुम्हाला काय झालं असेल ते मला कळतं, पण त्याला सहा वर्षांच्या पोराला जे घरातल्या मोठ्यांनी सांगितलं ते त्यानं तुम्हाला येऊन सांगितलं, म्हणजे अजून तो तुम्हाला सांगतोय. त्याला एवढंच म्हणा की काकू तुझे लाड करते हे छान आहे, आणि तुझी आई मी आहे. रडू नका, विचारपूस करून माहिती काढू नका. पुढे जज त्याला चेंबरमध्ये बोलावून गप्पा मारतील तेव्हा पढवलेलं पोर लगेच ओळखू येतं, आणि ज्यानं पढवलं त्याचं नुकसान होतं.

राहिलं शाळेतून उचलून आणायचं. नका आणू. मनात येतं ते समजतं, पण शाळेच्या गेटवर ओढाताण झाली, पोलिसात तक्रार गेली, तर आज जे तुमच्या बाजूनं आहे, म्हणजे हुकमाशिवाय मूल अडवून ठेवणारे ते आणि सरळ वागणाऱ्या तुम्ही, ते एका दुपारीत उलटं होईल. शिवाय मूल घाबरेल आणि ती भीती तुमच्या नावावर जमा होईल. सुट्टी लागायच्या आत अंतरिम अर्ज दाखल करा आणि त्यात सुट्टीतले दिवस मागा, कोर्ट सहसा निम्मे-निम्मे करून देतं, मग त्या हुकमाची प्रत घेऊन घराच्या दारातून मुलाला घेऊन या. पण दत्तकाची नोटीस त्याच्याही आधी, ती सोमवारी जाऊ दे. नोटिशीला काय उत्तर आलं ते मला कळवा, किंवा उत्तरच नाही आलं तरी कळवा, कारण मग मनाई हुकमाचं लगेच बघावं लागेल.